अव्वाच्या मुंग्यांवर फौज आली

आमच्या घरात सगळ्यांत आधी मुंग्या जेवायच्या. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच. उदगीरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजाराच्या पाठीला, आमचं घर. पुढं अप्पांचं, माझ्या वडलांचं, आडतीचं दुकान, मधे धान्याची वखार, अन् पाठीमागं परस. परसात मोरीचं पाणी जिथं जिरायचं तिथं कडुलिंबाच्या बुडाशी काळ्या मुंग्यांचं एक मोठं बीळ होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, सकाळी न्हाऊन, लिंगपूजा उरकून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून पहिली तिथं जायची. हातात मूठभर ज्वारीच्या कण्या आणि चुरलेला गूळ. ते बिळाभोवती टाकायचं, दोन मिनिटं बघत उभं राहायचं आणि मगच चूल पेटवायची. आम्हाला भूक लागली म्हणून कोकललो तरी तिचा क्रम बदलायचा नाही. अव्वा बीदरकडची. मुंगीला ती कानडीत इरुवे म्हणायची आणि स्वयंपाकघरात शिरताना रोज एकच सांगायची, "इरुवे जेवल्या. बसा आता तुमी."

त्या साली पावसानं पार पाठ फिरवली होती. मोंढ्यात एरवी सौद्याच्या वेळी कानावर हात ठेवावे लागत, तिथं हमाल सावलीत पत्ते कुटत बसलेले. ऐकू यायचा तो एकच आवाज, टँकरचा भोंगा. तो वाजला की सगळ्या गल्लीतून घागरी, कळशा, डबे आपटत बायका पळत सुटायच्या आणि मग नळीवरून जी भांडणं जुंपायची! मी तशी पहिल्यापासून तोंडाळ, त्यामुळं आमच्या घराचं पाणी आणायचं काम माझ्याकडंच होतं. ताटात उडदाचं घुटं, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, एवढंच रोज. कडक भाकरीचं एक बरं असतं, ती आठवडाभर टिकते अन् चावता चावता पोट भरल्यासारखं वाटतं. शेजारची एक बाई भिंतीवरून डोकावून अव्वाला टोचायची, "काय ओ, माणसाला मिळंना अन् मुंग्यांला गूळ?" अव्वा वळूनसुद्धा बघायची नाही. "त्येंनी कुटं रेशनच्या लायनीत उभं ऱ्हावं मग?" म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा डोकवायचीच.

दुष्काळ होता तरी मोंढ्यात एक गोष्ट मात्र जोरात चालली होती, ती म्हणजे नव्या जिल्ह्याच्या गप्पा. लातूर जिल्हा झाला तेव्हा अप्पांनी पेढे वाटले. दुकानावर येईल त्याला सांगायचे, "आता उस्मानाबादचे खेटे संपले बगा. आपला कलेक्टर, आपली कचेरी, सगळं आपलं." आमच्या शाळेच्या पाटीवरचं जुनं जिल्ह्याचं नाव खरवडून पेंटरनं तिथं लातूर लिहिलं, ते बघायला अप्पा मुद्दाम शाळेपर्यंत आले होते. माझा बाप हौशी माणूस. वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत.

मी दहावी झाले, शाळेत पहिली आले. विज्ञान शिकवणारे शेख सर घरी आले, त्यांनी अप्पांच्या पुढ्यात लातूरच्या कॉलेजचा फॉर्म ठेवला. अकरावी सायन्स, मुलींचं वसतिगृह आहे, पोरगी हुशार आहे, असं सगळं नीट समजावून सांगितलं. जाताना त्यांनी खिशातून एक भिंग काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, जे दिसंल तेच लिवायचं. पुस्तकात काय हाय ते मागून बगू." अप्पांनी सरांना चहा पाजला, अदबीनं दारापर्यंत पोचवलं आणि आत येऊन फॉर्म देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला. "नंदे, देगलूरचं एक स्थळ आलंय. चांगली मानसं हायत. पावसाळ्यानंतर बगू." मी म्हणाले, "अप्पा, जिल्हा आपला झाला म्हनून पेढे कामून वाटले मग? त्या जिल्ह्यात मला पाय टाकायला न्हाई का?" अप्पा हसले. मला झोंबलं ते त्यांचं हसणं. "जिल्हा कागदाचा असतोय, पोरी. लेक घरची असती." फॉर्म भरायची शेवटची तारीख मंगळवारची होती आणि त्यावर पालकाची सही हवी होती. मी रोज कोनाड्यात बघायची. फॉर्म तिथंच, धूळ खात.

तो सोमवार होता. उद्या मुदत संपणार म्हणून मी सकाळपासून दोनदा कोनाडा बघून आले होते. भांडी घासायला परसात बसले, तर मोरीच्या फरशीच्या फटीतून विटकरी रंगाचा एक दोरा निघालेला दिसला. दोरा हलत होता. वाकून बघितलं तर मुंग्या. तिळापेक्षाही बारीक, एकीच्या मागं एक, इतक्या चिकटून की मधे सुई घालायला जागा नाही. मी राखेचा हात तसाच ठेवून भिंग आणि वही आणायला पळाले. परत येऊन जमिनीवर पालथी पडून बघायला लागले आणि पहिल्यांदा वाटलं की भिंगच खराब आहे. त्या मुंग्यांना डोळे नव्हते. आमच्या काळ्या मुंगीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसायचे, ते मी आधी पाहून ठेवले होते. ह्यांच्या डोक्यावर काही नाही, नुसतं गुळगुळीत. आंधळी फौज! एकमेकींना हुंगत, मिशांनी चाचपत, पण कुठं म्हणून थांबणं नाही, रस्ता चुकणं नाही. मी एकीला काडीनं उचलायला गेले तर दुसरीनं बोटाला असा डंख मारला की मी ओरडले.

आज मला त्यांचं नाव माहीत आहे. एनिक्टस. नांदेडच्या कॉलेजात मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी पोरांना घेऊन किनवटच्या जंगलात गेले, तिथं सागाच्या पाल्याखाली त्यांचा मुक्कामही पाहिला. त्यांना कायमचं घर नसतं. राणी, पिल्लं, सगळा बाडबिस्तरा घेऊन त्या फिरत असतात, आणि त्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मला नाव ठाऊक नव्हतं, काही ठाऊक नव्हतं. मी वहीत लिहिलं, "डोळे नाहीत. तरी सरळ चालतात." आणि त्या कुठं निघाल्यात ते बघायला रांगेबरोबर सरकत गेले. रांग लिंबाच्या बुडाशी, अव्वाच्या बिळाकडं चालली होती.

अव्वाला हाक मारली. ती कण्या टाकून नुकतीच आत गेली होती. आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. विटकरी मुंग्या गुळापाशी पोचल्या. मी म्हणाले, "आता गूळ उचलतेत बग." त्यांनी गुळाला तोंड लावलं नाही. कण्यांवरून चढून पलीकडं गेल्या आणि सरळ बिळात शिरल्या. थोड्या वेळानं एकेक बाहेर यायला लागली. प्रत्येकीच्या पोटाखाली एक पांढरा दाणा, तांदळाच्या कणीसारखा. पिल्लं. अव्वाच्या मुंग्यांची पिल्लं. काळ्या मुंग्या दुप्पट-तिप्पट मोठ्या, जबडे केवढाले, पण एकीच्या पायाला चार चार लोंबकळल्यावर ती काय करणार? "अय्यो शिवा," अव्वाच्या तोंडून निघालं, "गूळ सोडून लेकरं नेऊ लागल्यात!" तिचे डोळे भरून आले. मी मात्र, खोटं कशाला बोलू, खूश होते. इतकं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी मला विचारलं असतं की हे थांबवू का, तर मी नको म्हणाले असते.

आमचा आरडाओरडा ऐकून अप्पा वखारीतून आले. त्यांच्याकडं सगळ्या किड्यांवर एकच औषध, पोत्यांत टाकायची पावडर. डबा घेऊनच आले. अव्वानं त्यांचा हात धरला. "आज सोमवार हाय. परसात कुनाला मारायचं न्हाई. ह्यांला बी न्हाई." "मग काय हात जोडू का त्येंला?" "मी बगते," म्हणाली आणि आत गेली. आली ती भस्माची वाटी घेऊन. तिच्या माहेरी घरात मुंग्या झाल्या की कुणी मारत नाहीत. शिवाचं नाव घेतात आणि डब्याभोवती भस्माची रेघ ओढतात. मुंगी ती ओलांडत नाही, हे मीही लहानपणापासून पाहिलेलं. अव्वानं पदर खोचला आणि बिळाच्या चारी बाजूंनी बोटभर रुंदीचं भस्माचं कडं काढलं. मधे एकही फट नाही. विटकरी रांग त्या रेघेपाशी अडली, घोटाळली, मागं वळली. अप्पासुद्धा म्हणाले, "जमलं की गं!" अव्वानं भिजल्या डोळ्यांनी हात जोडले. दोघं आत गेले. अप्पांची आंघोळ अन् पूजा व्हायची होती.

मी तिथंच बसून राहिले. अव्वाचं काम फत्ते झालं असं मलाही वाटलं, थोडी खट्टूच झाले होते. तेवढ्यात दिसलं की कड्याच्या आतली जमीन हलतेय. त्या साली परसातली माती इतकी तडकली होती की भेगेत हाताचं बोट जाई. वरची वाट बंद झाली तशा त्या बारीक मुंग्या भेगांतून खाली उतरल्या आणि भस्माच्या खालून बिळात शिरल्या. आणि आता आतल्या काळ्या मुंग्या उसळून वर आल्या. प्रत्येकीच्या जबड्यात एक पिल्लू. त्या लढत नव्हत्या, लेकरं घेऊन पळत होत्या. बिळाच्या तोंडातून निघायच्या, धावत रेघेपाशी यायच्या, पाय भस्मात रुतले की मागं फिरायच्या, दुसऱ्या बाजूला धावायच्या, तिथंही भस्म. गोल गोल फिरत होत्या नुसत्या. आणि मागून फौज वर येत होती.

मी ओरडले, "अव्वा! अव्वा, रेघ मोड!" आतून घंटीचा आवाज येत होता. अप्पांची पूजा चालू असताना अव्वा कुणाला ओ द्यायची नाही. एका हातात भिंग, एका हातात वही. मी विचार केला नाही. विचार केला असता तर हातानं पुसलं असतं. मी पायानं रेघ पुसली. टाचेनं फराफरा, दोन ठिकाणी.

मान वर केली तर दारात अप्पा, पूजा सोडून आलेले. सोवळ्यात, ओले केस, कपाळावर तेच भस्म. दोन ढांगांत आले आणि माझ्या कानफटात बसली. अप्पांनी त्याआधी मला कधी बोटही लावलं नव्हतं. "भस्माला पाय? माझ्या घरात भस्माला पाय लावतीस? हेच्यासाठी शाळा शिकिवली तुला?" माझा गाल जळत होता, पण मी मागं सरले नाही. त्या क्षणी मला बापाची भीती वाटली नाही, राग आला. "त्या मरून राहिल्यात तिथं!" मी किंचाळले. "तुमच्या भस्मानं मरून राहिल्यात! भाईर पडायला वाटच न्हाई ठेवली त्येंला!"

अव्वा पळत आली. अप्पा तिला सांगायला लागले की तुझ्या लेकीनं काय केलं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्या गालाकडं पाहिलं. मी तिच्या हातात भिंग कोंबलं आणि तिला खाली ओढलं. "तू बग. माझं नको ऐकू, तूच बग." अव्वा गुडघ्यावर बसली. भिंग कसं धरायचं ते तिला कळेना, मी धरून दिलं. मी पुसलेल्या दोन फटींतून काळ्या मुंग्या पिल्लं घेऊन बाहेर सुटल्या होत्या, लिंबाच्या खोडावर चढत होत्या. बाकीच्या अजून आत गोल गोल फिरत होत्या. अव्वा किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. अप्पांचा पारा थोडा उतरला आणि तेही वाकून बघायला लागले, इतका वेळ. मग अव्वानं भिंग बाजूला ठेवलं आणि तळहातानं उरलेलं सगळं भस्म, चारी बाजूंचं, पुसून टाकलं. तो हात तिनं कपाळाला लावला. म्हणाली, "मीच कोंडलं त्येंला."

फौज दुपारपर्यंत बिळात होती. मग जशी आली तशी मोरीच्या फटीतून निघून गेली, एकही मागं राहिली नाही. मला शास्त्राची माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगायला हवं की भस्म नसतं तरी अव्वाच्या मुंग्यांतल्या बऱ्याच मेल्याच असत्या. अशा धाडीत बिळाची पिल्लं वाचत नाहीत फार. कुणी सांगावं, रोजच्या कण्या-गुळानं ते बीळ एवढं फुगलं नसतं तर फौज तिकडं वळलीही नसती. हे मी अव्वाला कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? लिंबाच्या खोडावर काही मुंग्या पिल्लं धरून बसलेल्या होत्या, त्या नक्की वाचल्या. तेवढ्या मी मोजल्या आणि वहीत लिहिल्या.

दुपारी अप्पा पाटावर बसले. अव्वानं त्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट न घेता समोर बसली. मी चुलीशी होते. अव्वा म्हणाली, "त्यो कागद द्या पोरीचा." अप्पांना आधी कळलंच नाही. "कुटला कागद?" "लातूरचा. सही करा." अप्पांनी घास खाली ठेवला. "मुंग्यांचा अन् त्येचा काय संबंध?" "संबंध मला दिसला तेवडा बास हाय. चांगलं व्हावं म्हनून मी रेघ मारली. त्येच रेघेत मेल्या त्या. आता पोरीभोवती मी रेघ मारू देनार न्हाई. मी बी मारनार न्हाई अन् तुमाला बी मारू देनार न्हाई." अप्पा चिडून म्हणाले, "माझी सही होनार न्हाई. देगलूरवाल्याला शब्द दिलाय मी." अव्वा उठली, कोनाड्यातून फॉर्म काढला, पदरानं धूळ झटकली. "शब्द तुमी दिलाय, तुमी बगून घ्या," एवढंच म्हणाली. अप्पा भाकरी तशीच टाकून दुकानात निघून गेले. अव्वानं फॉर्म माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही मायलेकी लातूरला निघालो. अव्वा माझ्याबरोबर एकटी अशी कधी कुठं गेली नव्हती. नवऱ्याशिवाय तिचा तो पहिलाच प्रवास. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते, आमच्याकडं बघत नव्हते. अव्वा त्यांच्यापाशी थांबली, म्हणाली, "भाकऱ्या टोपल्यात हायत. संध्याकाळी येते." रस्ताभर दोन्ही बाजूंना करपलेली रानं, खडी फोडायला बसलेली माणसं, रिकामे ओढे. अव्वा खिडकीची सळी घट्ट धरून बसलेली. मी दहा वेळा विचारलं असेल, अव्वा, सहीचं काय करायचं? ती म्हणायची, "गप बस गं. बगू तितं गेल्यावर."

कॉलेजच्या ऑफिसात ही गर्दी. नवीन जिल्ह्याचं ठिकाण, आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांतून पोरं आलेली, बहुतेक बापाबरोबर. आमचा नंबर आला तेव्हा दुपार टळत आली होती. कारकुनानं फॉर्म उलटा-सुलटा केला. "पालकाची सही?" अव्वानं टेबलावरचं पेन उचललं. मी तिच्या हातात कधी पेन पाहिलं नव्हतं. घरात कुणीच पाहिलं नव्हतं. ती वाकली, ओठ दाताखाली धरले, आणि सावकाश, गोल गोल कानडी अक्षरांत आपलं नाव लिहिलं, शरणम्मा. बीदरकडं लग्नाआधी तीन इयत्ता ती कानडी शाळेत गेली होती हे मला त्या टेबलासमोर उभी असताना कळलं. इतकी वर्षं ती माझी आई होती आणि हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

कारकून हसला. मागच्या दोघाचौघांना दाखवून म्हणाला, "ही काय जिलबी काढली ओ बाई? हे चालत न्हाई. वडलांना आना, न्हाई तर अंगठा द्या." त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात अव्वानं पॅड दोन बोटांनी परत त्याच्याकडं ढकलला.

"अंगठा कामून देऊ? मला नाव लिवता येतंय. लिवलंय."

"आमाला वाचता येत न्हाई ना पन ते!"

"मग शिका," अव्वा म्हणाली. "माजी पोरगी बी शिकायलाच आली हाय."

मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. ह्या वेळी अव्वाला नाही. कारकुनानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि फॉर्मवर शिक्का मारला.